गोळ्या चालू आहेत, तरी एचबी का चढत नाही?

"सहा महिने झाले लोहाच्या गोळ्या घेतेय, पण एचबी नऊच्या पुढे काही सरकत नाही." हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर ऐकायला मिळतं. एचबी म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन. त्यापुढचं संभाषणही ठरलेलं असतं. गोळी बदलून दिली जाते, जोडीला एखादं टॉनिक येतं, बीट खा, खजूर खा, तीन महिन्यांनी परत या. एवढ्या सगळ्यात एक प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो, आणि बाईही तो विषय आपणहून काढत नाही. पाळीत रक्त जातं किती?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. त्याच्या आधीच्या फेरीत हा आकडा ४८ होता. आहार, जंत, लागोपाठची बाळंतपणं अशी याची कारणं बरीच आहेत. पण पाळी सुरू असलेल्या वयात शरीरातलं लोह बाहेर जाण्याची सर्वांत मोठी वाट पाळीचीच असते. ती वाट मोठी झाली असेल, तर गोळ्या कितीही चांगल्या कंपनीच्या असोत, त्या पुऱ्या पडत नाहीत.

आधी साधा जमाखर्च मांडून बघू. एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. आपण काय खातो त्यावर अवलंबून आतडी दिवसाला एक ते दोन मिलिग्रॅम लोह आत घेतात, म्हणजे महिन्याला ३० ते ६०. त्वचेच्या आणि आतड्यांच्या झडणाऱ्या पेशींसोबत दिवसाला एखादा मिलिग्रॅम तसाही जातो, म्हणजे महिन्याचे ३० तिथेच संपले. नेहमीच्या पाळीत ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, त्याचे १५ ते २० मिलिग्रॅम. इथपर्यंत ओढाताण करून भागतं. पण रक्त ८० मिलिलिटर गेलं तर ४० मिलिग्रॅम लोह जातं, आणि एकूण खर्च ७० वर पोहोचतो. जमा मात्र जास्तीत जास्त ६०. दर महिन्याला तूट, वर्षानुवर्षं. ८० मिलिलिटरच्या पुढे जास्त रक्तस्राव धरायचा हा जुना दंडक आला तोच मुळी याच्यातून. १९६६ साली स्वीडनमधल्या गोटेनबर्ग शहरातल्या बायकांच्या पाळीतलं रक्त संशोधकांनी प्रत्यक्ष मोजलं, तेव्हा ८० च्या वर रक्तक्षयाचं प्रमाण ठळकपणे वाढलेलं दिसलं.

घरी मिलिलिटर कोणी मोजत नाही, मोजायची गरजही नाही. आता डॉक्टर वेगळ्या खुणा विचारतात. दर तासा-दोन तासांनी पॅड किंवा कापड बदलावं लागतं का? एकावर एक दोन पॅड लावावे लागतात का? रात्री बदलायला उठावं लागतं का, चादरीवर डाग पडतात का? दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी पडतात का? सात दिवसांच्या वर जातं का? त्या दिवसांत एसटीचा लांबचा प्रवास टाळता का, लग्नकार्याला जाणं रद्द करता का, शाळेत शिकवत असाल तर वर्गात उभं राहायची धास्ती वाटते का? यातल्या एक-दोन प्रश्नांचं उत्तर दर महिन्याला 'हो' येत असेल तर जास्त जातंय असंच धरायचं आणि दाखवायचं. पाळीमुळे रोजचं जगणं अडत असेल, तर तेवढं कारणही उपचारासाठी पुरेसं आहे.

"आमच्याकडे सगळ्यांनाच असं जातं. आईला जायचं, मावशीला जायचं." हे वाक्य ऐकलं की मला थांबावंसं वाटतं. घरातल्या सगळ्या बायकांना जास्त जातं म्हणून ते चालण्यासारखं आहे, असं समजून आपण ते पिढ्यान्‌पिढ्या सहन करतो. खरं तर याच वाक्यावरून रक्त गोठण्याच्या आनुवंशिक दोषाचा संशय यायला हवा. फॉन विलेब्रांड नावाचा दोष त्यातला सगळ्यात जास्त आढळणारा. मुलीला पहिल्या पाळीपासूनच खूप जातंय, नाकाचा घोळणा वरचेवर फुटतो, दाढ काढल्यावर रक्त थांबता थांबलं नव्हतं, अंगावर कारण नसताना काळेनिळे डाग उठतात, असं काही असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. रक्ताची तपासणी करून हा दोष कळतो आणि त्यावर औषधं आहेत.

थकवा एचबीच्या आधी येतो

लोह कमी पडायला लागलं की शरीर आधी साठा वापरतं. यकृतात, अस्थिमज्जेत ठेवलेलं लोह हळूहळू संपतं. साठा रिकामा झाला की मग हिमोग्लोबिन उतरतं. म्हणजे एचबी कमी होणं ही या गोष्टीची शेवटची पायरी. एचबी १२.२ आहे म्हणून "सगळं नॉर्मल" असं सांगून घरी पाठवलेली बाई खरोखर थकलेली असू शकते, कारण लोह फक्त रक्ताला लागत नाही. स्नायूंना लागतं, मेंदूला लागतं. केस गळणं, जिना चढताना धाप, धडधड, लक्ष न लागणं, चिडचिड, रात्री अंथरुणात पाय स्वस्थ ठेवता न येणं, हे सगळं त्या मधल्या टप्प्यातही सुरू होतं.

एक लक्षण बायका लाजेने लपवतात, ते मुद्दाम लिहिते. माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, भाजलेल्या मातीची ढेकळं, कच्चे तांदूळ किंवा फ्रिजमधला बर्फ कडाकडा खावासा वाटणं. पहिल्या पावसाच्या मातीचा वास आला की तोंडाला पाणी सुटणं. कुणी याला वाईट सवय म्हणतं, कुणी डोहाळे. लोहाच्या कमतरतेत हे अगदी नेहमी दिसतं, आणि लोह भरायला लागलं की बऱ्याच जणींची ही ओढ आपोआप जाते. मुलीला यावरून ओरडण्याआधी तिचं रक्त तपासा.

रिपोर्ट असा वाचा

समजा ३८ वर्षांच्या एका बाईचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट हातात आहे. हिमोग्लोबिन ९.२, आरबीसी (तांबड्या पेशींची संख्या) ४.४, एमसीव्ही ६८, एमसीएच २१, आरडीडब्ल्यू १९, प्लेटलेट्स साडेचार लाख. आपण पहिली ओळ वाचतो आणि कागद घडी घालून ठेवतो. पुढच्या ओळींत बरंच काही असतं. एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार. तो ८० च्या वर हवा. इथे ६८ आहे, पेशी लहान झाल्यात. एमसीएच २१ म्हणजे प्रत्येक पेशीत रंगद्रव्य कमी भरलंय. आरडीडब्ल्यू वाढलाय, म्हणजे लहान-मोठ्या पेशींची सरमिसळ आहे. प्लेटलेट्स वरच्या बाजूला आहेत, लोह कमी असताना त्या अनेकदा अशाच वाढतात. हे चित्र लोहाच्या कमतरतेचं.

आता दुसरा रिपोर्ट. हिमोग्लोबिन १०.८, एमसीव्ही ६२, पण आरबीसी ५.६. पेशी लहान आहेत खऱ्या, पण संख्येने भरपूर. इथे थॅलेसेमिया मायनरची, म्हणजे हिमोग्लोबिनच्या एका सौम्य आनुवंशिक दोषाची, शंका घ्यायला हवी. एमसीव्हीला आरबीसीने भागायचं. उत्तर १३ च्या खाली आलं तर शंका वाढते. पहिल्या रिपोर्टमध्ये भागाकार साधारण १५ येतो, दुसऱ्यात ११. हा नुसता अंदाज आहे, खात्री हिमोग्लोबिनच्या एचपीएलसी तपासणीने होते. सिंधी, लोहाणा, कच्छी कुटुंबांत थॅलेसेमिया मायनरचं प्रमाण जास्त आहे, आणि नंदुरबार, गडचिरोली या भागांत सिकलसेल या हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या आनुवंशिक दोषाचं. अशा बाईला साठा न तपासता वर्षानुवर्षं लोह देत राहणं बरोबर नाही.

साठा कळतो फेरिटिनच्या तपासणीने. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढ बाईचं फेरिटिन १५ च्या खाली असेल तर लोह संपलेलं आहे. बरेच डॉक्टर ३० च्या खालीच उपचार सुरू करतात. लॅबच्या कागदावर मात्र पुष्कळदा १० किंवा १२ पासून पुढे नॉर्मल छापलेलं असतं. त्यामुळे १३ आकडा आला तरी त्यापुढे ठळक खूण नसते आणि तो नजरेतून सुटतो. आणखी एक खाचखळगा म्हणजे ताप, जंतुसंसर्ग, संधिवात असं काही चालू असेल तर फेरिटिन खोटं वाढतं. आजारपणात केलेली तपासणी चांगली आली तर बरं झाल्यावर परत करावी. शाकाहारी घरांत बी-१२ ही जोडीने कमी असतं. त्याने पेशी मोठ्या होतात, लोहाच्या कमतरतेने लहान, आणि दोन्ही एकत्र असल्यावर एमसीव्ही फसवा नॉर्मल येतो. म्हणून बी-१२ सुद्धा तपासून घ्या.

गोळी आणि चहा

आशाताईंकडून मिळणारी आठवड्याची लाल गोळी आणि उपचाराची गोळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात प्रजननवयातल्या बायकांना आठवड्यातून एक लाल गोळी द्यायची ठरली. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि फोलिक ॲसिड असतं. ती रक्तक्षय होऊ नये म्हणून आहे. एचबी ९ वर आलेल्या बाईला आठवड्याची एक गोळी पुरणार नाही, तिला उपचाराचा डोस लागतो. "गोळ्या चालूच आहेत" असं सांगताना कुठली गोळी, किती वेळा, हेही सांगायला हवं.

गोळीचं सगळ्यात मोठं वैर चहाशी. चहा-कॉफीतले घटक लोहाला पकडून ठेवतात आणि ते आतड्यातून आत जात नाही. आपल्याकडे दिवस चहानेच सुरू होतो, नाश्त्यासोबत दुसरा कप, चारला तिसरा. यात गोळीला जागा शोधावी लागते. डबा करायला साडेपाचला उठत असाल तर उठल्या उठल्या पाण्याबरोबर गोळी घ्या, वर अर्ध्या लिंबाचा रस किंवा आवळ्याची फोड, आणि चहा एका तासाने. तेवढं जमत नसेल तर रात्री जेवणानंतर दोन तासांनी, झोपताना. डॉक्टरांनी लोह आणि कॅल्शियम दोन्ही लिहून दिलं असेल तर एकत्र गिळू नका, एक सकाळी, एक रात्री. थायरॉइडची गोळी सकाळी घेत असाल तर लोहाच्या आणि तिच्या मध्ये चार तास जाऊ द्या. ॲसिडिटीची गोळी रोज उपाशीपोटी घ्यायची अनेकींना सवय लागलेली असते; पोटातलं आम्ल कमी झालं की लोह कमी शोषलं जातं, म्हणून ती खरंच रोज लागते का हे विचारून घ्या.

लवकर बरं वाटावं म्हणून दिवसाला दोन-तीन गोळ्या घेतल्याने फारसा फायदा होत नाही. लोहाचा डोस पोटात गेला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं. ते साधारण दिवसभर आतड्याचं दार ओढून घेतं. लोह कमी असलेल्या बायकांवर झ्युरिकच्या संशोधकांनी केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एक दिवसाआड दिलेल्या गोळीतलं लोह रोजच्या गोळीपेक्षा जास्त प्रमाणात शोषलं गेलं. म्हणून ज्यांना रोजच्या गोळीने मळमळतं, बद्धकोष्ठ होतं, त्यांनी गोळी बंद करण्याआधी "दिवसाआड घेऊ का?" असं डॉक्टरांना विचारावं. शौचाला काळं होणं अपेक्षित आहे, त्याला घाबरू नका. उपाशीपोटी सोसतच नसेल तर जेवणासोबत घ्या. लोह थोडं कमी मिळेल, पण बंद केलेल्या गोळीपेक्षा जास्तच मिळेल.

गोळी लागू पडत असेल तर तीन-चार आठवड्यांत एचबी साधारण दोनने वाढायला हवा. महिन्याभरात काहीच हललं नाही तर थांबून कारण शोधायचं: गोळी चुकतेय का, चहाबरोबर जातेय का, जंत आहेत का, मूळव्याधीतून रक्त जातंय का, थॅलेसेमिया आहे का, की पाळीत येणाऱ्यापेक्षा जाणारं जास्त आहे? आणि एचबी १२ झाला म्हणून गोळी लगेच सोडायची नाही. रक्त भरलं, पण साठा अजून रिकामा आहे. त्यासाठी पुढे आणखी तीन महिने.

खाण्याबद्दल थोडक्यात. बीट आणि डाळिंब लाल आहेत म्हणून रक्त वाढवतात, हा समज फार घट्ट आहे. दोन्हींत १०० ग्रॅममागे एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नाही. बाजरी, नाचणी, राजगिरा, अळीव, कडधान्यं, आणि खात असाल तर कलेजी, मटण, मासळी, यांत ते खरोखर आहे. भाजी-आमटीवर लिंबू पिळा, जेवणानंतरचा चहा पुढे ढकला, आंबट आमटी लोखंडी कढईत करा. पण ज्या बाईचं फेरिटिन ६ आहे तिला लाडवांवर ठेवणं हे मला तिच्यावर अन्याय केल्यासारखं वाटतं. आहाराने टिकवता येतं. एवढी खोल तूट भरून काढायला औषध लागतं.

गोळ्या सोसत नाहीत, लागू पडत नाहीत, एचबी फार खाली आहे किंवा ऑपरेशन जवळ आलंय, अशा वेळी शिरेतून लोह देतात. आयर्न सुक्रोज थोडं थोडं करून चार-पाच वेळा द्यावं लागतं; फेरिक कार्बोक्सिमाल्टोज एका बैठकीत एक ग्रॅमपर्यंत देता येतं. ॲलर्जीची प्रतिक्रिया क्वचित येते, म्हणून हे रुग्णालयात, देखरेखीखालीच घ्यायचं. सुईच्या जागी दुखलं, आग झाली तर लगेच सांगायचं, कारण औषध शिरेबाहेर गेलं तर त्वचेवर तपकिरी डाग राहतो आणि तो लवकर जात नाही. अशक्तपणासाठी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात लावतात त्या "ताकदीच्या सलाईन"चा आणि याचा काही संबंध नाही. तिच्यात सहसा मीठ, साखर, फार तर व्हिटॅमिन असतं.

जाणारं रक्त थांबवायचं कसं

लोह भरणं आणि रक्तस्राव कमी करणं, दोन्ही एकाच दिवशी सुरू व्हायला हवं. त्यासाठी कारण शोधावं लागतं. गर्भाशयात गाठी (फायब्रॉइड) किंवा अस्तरावरचा कोंब (पॉलिप) असेल, गर्भाशयाची भिंत जाड झाली असेल, थायरॉइड किंवा पीसीओडीमुळे पाळीचं चक्र बिघडलं असेल, तांब्याची कॉपर-टी बसवलेली असेल, रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल. सोनोग्राफी आणि साध्या रक्ततपासण्यांत यातलं बरंच कळतं. पाळी चुकून मग खूप जायला लागलं तर आधी गरोदरपणाची तपासणी. पंचेचाळिशीनंतर नव्याने जास्त जायला लागलं तर गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना तपासून घ्यायचा, आणि पाळी कायमची गेल्यावर एक थेंब जरी दिसला तरी दाखवायचं.

औषधांत सगळ्यात साधी ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडची गोळी. ती हार्मोन नाही. फक्त जास्त जाणाऱ्या तीन-चार दिवसांत घ्यायची असते आणि रक्तस्राव जवळपास निम्म्यावर आणू शकते. पूर्वी पायाच्या शिरेत किंवा फुफ्फुसात गुठळी झालेल्यांनी मात्र ती घ्यायची नाही. पोटदुखीसाठी दिल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिडनेही रक्तस्राव थोडा कमी होतो. हार्मोनच्या गोळ्यांना आपल्याकडे फार घाबरतात. गर्भनिरोधक गोळ्या अविवाहित मुलीला दिल्या तर आईच्या कपाळाला आठ्या पडतात. त्या तिथे पाळी आटोक्यात आणायचं औषध म्हणून दिलेल्या असतात. उच्च रक्तदाब, विशिष्ट प्रकारची अर्धशिशी, पस्तिशीनंतर सिगारेट, गुठळीचा इतिहास असेल तर दोन हार्मोनच्या एकत्रित गोळ्या चालत नाहीत. बाकीच्या बहुतेकींना त्या चालतात.

लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेलं ऑर्मेलॉक्सिफेन हे आणखी एक औषध. सरकारी केंद्रांत 'छाया' नावाने गर्भनिरोधक म्हणून ते मोफत मिळतं, आणि जास्त रक्तस्रावासाठीही डॉक्टर ते वापरतात. त्याने पाळी उशिरा येते, म्हणून धास्ती वाटू नये यासाठी ते आधी माहीत हवं.

आणि मग हार्मोन सोडणारी टी. तिलाही लोक कॉपर-टीच म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. तांब्याच्या टीने रक्तस्राव वाढू शकतो, हिच्याने तो बहुतेकींचा खूपच कमी होतो, काहींची पाळी जवळपास थांबते. एकदा बसवली की निदान पाच वर्षं. पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग लागतात. हे कुणी नीट सांगत नाही, म्हणून कितीतरी जणी वैतागून ती दुसऱ्याच महिन्यात काढून घेतात, आणि अगदी जवळ आलेला आराम हातचा जातो.

हे सगळं इतकं सविस्तर लिहायचं कारण म्हणजे आपल्याकडे बायकांना अनेकदा दोनच टोकं दाखवली जातात: टॉनिक घ्या, नाहीतर पिशवी काढा. बीड जिल्ह्यात याचं फार भयंकर रूप दिसलं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली जात असल्याचं २०१९ मध्ये उघड झालं. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी झालेल्या पाहणीत ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. पाळीच्या दिवसांत खाडा पडला की पैसे कापले जातात, फडात पाणी नाही, आडोसा नाही, आणि दवाखान्यात गेलं की कॅन्सरची भीती घातली जाते. ज्या तक्रारी घेऊन या बायका दवाखान्यात गेल्या, त्यातल्या कितीतरी गोळ्यांनी आटोक्यात येण्यासारख्या होत्या.

काही वेळा गर्भाशय काढणं हाच योग्य उपाय असतो. मोठ्या गाठी, कशालाही दाद न देणारा रक्तस्राव, अस्तरात सापडलेल्या कर्करोगाच्या पेशी. पण तिशीतल्या बाईला पहिल्याच भेटीत ते सुचवलं गेलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या आणि थेट विचारा: गोळ्या करून बघितल्या का? हार्मोनची टी चालेल का? फक्त गाठ काढता येईल का? बीजकोश ठेवणार आहात का? बीजकोशही काढले तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते आणि हाडं लवकर ठिसूळ होतात, हे सही करण्याआधी कळायला हवं.

वाट न बघता रुग्णालयात कधी जायचं, तेही लिहून ठेवते. तासाला एक पॅड पूर्ण भिजतोय आणि असं दोन-तीन तास चाललंय, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येतेय, बसल्या जागी धाप लागतेय, छातीत दुखतंय, किंवा रक्त जातंय आणि गरोदर असण्याची शक्यता आहे. एचबी ७ च्या खाली असेल तर रक्त चढवावं लागू शकतं. एका बाटलीने एचबी साधारण एकनेच वाढतो. म्हणून रक्त चढवून घरी आल्यावरही लोहाचा पूर्ण कोर्स आणि पाळीवरचा उपचार दोन्ही करावंच लागतं.

पुढच्या भेटीला जाताना गेल्या दोन पाळ्यांचा हिशेब कालनिर्णयवर लिहून न्या: कुठल्या दिवशी किती पॅड, रक्ताच्या गाठी किती मोठ्या, रात्री किती वेळा उठलात. डॉक्टरांनी विचारलं नाही तर तो कागद आपणच त्यांच्या टेबलावर ठेवा. आणि उपचार संपल्यावर तीन महिन्यांनी सीबीसी आणि फेरिटिन परत करा, पाळी जास्तच जात असेल तर त्यापुढे दर वर्षी.